आवाज आपला, वहिवाट कुणाची?

(युवा शिबिरात केलेल्या भाषणाचं संपादित शब्दांकन)



मघाशी तुमच्या ओळखी चालू होत्या तेव्हा मी कागदावर टिपून ठेवत होते. तुमच्यातली एक जण शिष्यवृत्त्यांची माहिती देणारा पॉडकास्ट चालवते. एक जण कोकणात गावोगाव फिरून वयस्कर बायकांकडून लग्नातली गाणी रेकॉर्ड करतो. एका गटानं रेशनकार्ड, उत्पन्नाचा दाखला अशा कामांवर दोन-दोन मिनिटांच्या ऑडिओ क्लिप बनवल्या आहेत आणि त्यात बोलणारा आवाज माणसाचा नाही, मशीनचा आहे. म्हणजे स्वतःचा आवाज, दुसऱ्याचा आवाज आणि मशीनचा आवाज असे तिन्ही प्रकार या खोलीतच सापडले. मला उदाहरणं शोधायला लांब जावं लागलं नाही.

मी सॉफ्टवेअर इंजिनीअर आहे. गेली दहा-बारा वर्षं लोकांचा डेटा साठवणाऱ्या यंत्रणा बांधण्याचं काम करते. तुम्ही मोबाइलवर 'अपलोड' दाबता तेव्हा फाइल जिथं जाऊन पडते, ती जागा बांधणारे आम्ही. म्हणून आज थोडा कायदा सांगेन, पण जास्त करून आतून ही यंत्रणा कशी चालते ते सांगेन. प्रश्न एकच आहे : ऑनलाइन सेवा वापरून आपण जो आवाज रेकॉर्ड करतो, चढवतो किंवा मशीनकडून तयार करून घेतो, त्याच्यावर ताबा कुणाचा?

मालकी वेगळी, वहिवाट वेगळी

कुठल्याही ऑडिओ सेवेच्या अटी उघडा. एक वाक्य बहुतेक ठिकाणी सापडेल : तुम्ही दिलेल्या मजकुराची मालकी तुमचीच राहील. आपण खूश होतो आणि वाचन थांबवतो. पुढच्याच परिच्छेदात लिहिलेलं असतं की या मजकुराच्या प्रती काढण्याचा, तो साठवण्याचा, त्यात बदल करण्याचा, इतरांपर्यंत पोचवण्याचा, जगभर लागू असणारा विनामोबदला परवाना तुम्ही कंपनीला देत आहात.

यात सगळी लबाडीच असते असं नाही. फाइल साठवायची तर प्रत काढावीच लागते. मोठी फाइल कमी डेटात चालावी म्हणून ती आम्ही लहान करतो, तोही कायद्याच्या भाषेत बदलच झाला. परवाना असणारच. बघायचं ते हे की तो परवाना कुठं संपतो.

शेतीवाल्या घरातल्या मुलांना हे जास्त समजावायला नको. सातबाऱ्यावर नाव एकाचं आणि प्रत्यक्ष वहिवाट दुसऱ्याची, असे वाद आपण लहानपणापासून ऐकलेत. ऑनलाइन आवाजाचं तसंच आहे. मालकीच्या रकान्यात तुमचं नाव असतं. पण फाइल कुठं राहील, किती दिवस राहील, कोण ऐकेल, तिच्यावरून आणखी काय तयार होईल, हे सगळं वहिवाटदार ठरवतो.

म्हणून मी 'मालक कोण' हा प्रश्न बाजूला ठेवते आणि चार साधे प्रश्न विचारते. प्रत माझ्या हातात आहे का? उद्या दुसऱ्या सेवेकडे नेता येईल का? काढून टाकली तर खरंच निघेल का? आणि ज्या कामासाठी मी आवाज दिला, त्यापलीकडचा वापर मला थांबवता येईल का?

युडिओचे अठ्ठेचाळीस तास

पहिल्या दोन प्रश्नांसाठी एक ताजं उदाहरण घेऊ. युडिओ ही अमेरिकेतली सेवा. दोन ओळी लिहून द्या, ती गाणं बनवून देते, गायकाच्या आवाजासकट. एप्रिल २०२४ मध्ये ती सगळ्यांसाठी खुली झाली. त्याच वर्षी जूनमध्ये मोठ्या संगीत कंपन्यांनी युडिओ आणि सुनो या दोन सेवांवर खटले भरले. आमची गाणी न विचारता मशीनला शिकवायला वापरली, अशी त्यांची तक्रार होती. २९ ऑक्टोबर २०२५ ला युनिव्हर्सल म्युझिक आणि युडिओ यांच्यात तडजोड झाली. तडजोड जाहीर झाली आणि लगोलग युडिओवरून गाणी डाउनलोड करण्याची सोय बंद झाली.

ज्यांनी महिनोन्‌महिने बसून शेकडो गाणी बनवली होती, त्यातले कित्येक पैसे भरणारे ग्राहक होते, त्यांची गाणी एका दिवसात आत अडकली. ऐकता येत होती, पण बाहेर काढता येत नव्हती. लोक चिडले. मग कंपनीनं नोव्हेंबरच्या सुरुवातीला अठ्ठेचाळीस तासांची खिडकी उघडली : तेवढ्या वेळात काय न्यायचं ते न्या. ज्याला ते कळलं त्यानं नेलं. जो त्या दोन दिवसांत प्रवासात होता, आजारी होता, त्याचं राहिलं.

इथं भांडण दोन कंपन्यांचं होतं. गाणी बनवणारा माणूस त्या खटल्यात पक्षकारही नव्हता. निकाल मात्र त्याच्या फायलींवर लागला.

आता याच्या उलट उदाहरण. गुगल पॉडकास्ट्स हे ॲप २०२४ मध्ये बंद झालं. जगभर लाखो लोक त्यावर पॉडकास्ट ऐकत होते. ते बंद झालं म्हणून कुणाचा एकही भाग पुसला गेला नाही. असं का? कारण फायली त्या ॲपकडे नव्हत्याच. पॉडकास्टची पद्धत अशी की तुमची ऑडिओ फाइल एका होस्टिंग सेवेवर असते आणि तिथून एक यादी प्रसिद्ध होते. त्या यादीला आरएसएस फीड म्हणतात. नाव ऐकून दचकू नका, ही ती शाखेवाली नव्हे. (हशा) या फीडमध्ये प्रत्येक भागाचं नाव, तारीख आणि फाइलचा पत्ता असतो. ऐकण्याची ॲप फक्त ही यादी वाचतात. एक ॲप बंद पडलं तर श्रोता दुसऱ्या ॲपवर जातो, तुमचं काम जागच्या जागी राहतं. होस्ट बदलायचा असेल तर जुन्या फीडच्या पत्त्यावर 'आता इकडे या' अशी पाटी लावता येते, म्हणजे श्रोतेही सोबत येतात.

पण होस्टच बंद पडला तर? माझ्या एका मैत्रिणीनं तिच्या नानीची गाणी रेकॉर्ड करून एका फुकट सेवेवर चढवली होती. हळदीची, मेहंदीची, वरातीची गाणी. मोबाइल भरला म्हणून मूळ फायली पुसल्या. वर आहेतच की, असं वाटलं. त्या सेवेनं धंदा गुंडाळला. महिन्याभराची नोटीस मेलवर आली होती, पण ती जाहिरातींच्या मेलमध्ये जाऊन पडली. नानी आता हयात नाहीत. त्या गाण्यांपैकी एका आत्याच्या फोनवर व्हॉट्सअॅपवर आलेले दोन तुकडे उरलेत, तेही अर्धवट. त्या सेवेच्या अटींत शेवटपर्यंत हेच लिहिलेलं होतं की मजकुराची मालकी तुमची आहे.

डिलीट दाबल्यावर आत काय होतं

तिसरा प्रश्न माझ्या रोजच्या कामातला आहे. तुम्ही एखादी फाइल डिलीट करता. तुमच्या स्क्रीनवरून ती जाते. आमच्याकडे बऱ्याचदा ती ओळ पुसली जात नाही, तिच्यासमोर 'काढलेली' अशी खूण लागते आणि ती कुणाला दिसेनाशी होते. याला सॉफ्ट डिलीट म्हणतात. याचं कारणही साधं आहे : रोज कितीतरी लोक चुकून डिलीट करतात आणि रडत परत मागायला येतात. ठरावीक दिवसांनी खरी सफाई होते. बॅकअपच्या प्रती आणखी काही काळ राहतात. शिवाय फाइल वेगानं उघडावी म्हणून वेगवेगळ्या शहरांतल्या सर्व्हरवर तिच्या तात्पुरत्या प्रती असतात. चांगली कंपनी हे सगळं वेळेत साफ करते. प्रत्येक कंपनी चांगली असतेच असं नाही. अमेरिकेत मे २०२३ मध्ये अलेक्साच्या प्रकरणात अॅमेझॉननं अडीच कोटी डॉलरचा दंड भरायचं मान्य केलं. मुलांचे आवाज गरजेपेक्षा जास्त काळ साठवले आणि पालकांनी पुसायला सांगूनही सगळं पुसलं नाही, असा तिथल्या व्यापार आयोगाचा आरोप होता.

हे झालं कंपनीच्या आतलं. बाहेर गेलेल्या प्रतीवर तर कंपनीचाही ताबा नसतो. पॉडकास्टचा भाग तुम्ही काढलात तरी ज्यांनी तो आधीच उतरवून घेतलाय, त्यांच्या फोनमध्ये तो राहतो. व्हॉट्सअॅपवर 'सगळ्यांसाठी डिलीट' करायला साधारण अडीच दिवस मिळतात. त्या मुदतीत डिलीट केलं तरी तेवढ्यात एखाद्या भाच्यानं ते घरच्या ग्रुपवर पुढे पाठवलं असेल, तर ती पुढची प्रत तुमच्या हाताबाहेर गेली.

आणि तिसरी पातळी सगळ्यात अवघड. तुमचा आवाज मशीनला शिकवण्यात वापरला गेला असेल, तर फाइल पुसून शिकवणं पुसलं जात नाही. चहात साखर विरघळल्यावर चमच्यानं ती परत काढता येत नाही, तसं. म्हणून ज्या सेवेत 'माझा डेटा मॉडेल सुधारण्यासाठी वापरा' असं बटण असतं, ते पहिल्याच दिवशी बघायचं. बहुतेकदा ते आधीपासून चालू असतं. सहा महिन्यांनी बंद केलंत, तर ते पुढच्यासाठी बंद होतं.

एका कामासाठी दिलेला आवाज

चौथा प्रश्न वापराचा. सुझन बेनेट या अमेरिकेतल्या व्हॉइस आर्टिस्ट. २००५ मध्ये त्यांनी एका कंपनीसाठी महिनाभर वाक्यं रेकॉर्ड करून दिली. फोनवरच्या सूचनांसाठी वगैरे असतील, असा त्यांचा समज. २०११ मध्ये अॅपलची सिरी आली आणि त्यांना ओळखीच्यांकडून कळलं की तो आवाज त्यांचा आहे. कॅनडातल्या बेव्ह स्टँडिंग यांनी २०१८ मध्ये भाषांतराच्या कामासाठी म्हणून चीनमधल्या एका संस्थेला आवाज दिला. तो टिकटॉकवर मजकूर वाचून दाखवणारा आवाज म्हणून वाजू लागला आणि लोक त्याच्या तोंडी वाटेल ते घालू लागले. त्यांनी २०२१ मध्ये दावा लावला. टिकटॉकनं आवाज बदलला आणि पुढे तडजोड झाली.

या दोघी धंद्यातल्या होत्या, करार करून काम करणाऱ्या होत्या. आपण तर अटी न वाचता 'मान्य आहे' दाबतो. आणि अटी एकाच जागी थांबत नाहीत. साउंडक्लाउड या सेवेनं फेब्रुवारी २०२४ मध्ये अटी बदलल्या आणि चढवलेली सामग्री एआयसाठी वापरता येईल असा अर्थ निघणारं कलम घातलं. लोकांच्या ते लक्षात आलं मे २०२५ मध्ये. ओरड झाल्यावर कंपनीनं सांगितलं की आम्ही कलाकारांच्या सामग्रीवर मॉडेल शिकवलेलं नाही, आणि मग कलमाची भाषा बदलली. म्हणजे सव्वा वर्ष ते कलम सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होतं आणि फारसं कुणी वाचलं नाही.

आवाज म्हणजे ओळखपत्र

आता हे आपल्यासाठी इतकं महत्त्वाचं का, ते सांगते. जुलै २०२१ मध्ये 'सुल्ली डील्स' आणि १ जानेवारी २०२२ ला 'बुल्ली बाई' ही ॲप आली. पत्रकार, वकील, विद्यार्थिनी अशा मुस्लिम बायकांचे फोटो त्यांच्याच सोशल मीडिया खात्यांवरून उचलून 'लिलावा'ला लावले होते. त्यांनी फोटो आपल्या मर्जीनं, आपल्या आनंदासाठी टाकले होते. फोटो त्यांचे होते, मालकी त्यांची होती. वहिवाट कुणी केली ते आपण पाहिलं. नंतर मुंबई आणि दिल्ली पोलिसांनी माणसं पकडली. पण सकाळी उठून स्वतःचा चेहरा तिथं पाहण्याचा तो दिवस काही पुसता येत नाही.

तेव्हा फोटो होते. आज आवाजाची नक्कल करणं सोपं झालंय. जानेवारी २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी तीन सेकंदांच्या नमुन्यावरून आवाजाची नक्कल करणारं मॉडेल दाखवलं. मार्च २०२४ मध्ये ओपनएआयनं पंधरा सेकंदांवरून आवाज तयार करणारी यंत्रणा जाहीर केली आणि दुरुपयोगाच्या भीतीनं ती सर्वांसाठी खुली केली नाही. तीन सेकंद म्हणजे 'हॅलो, कोण बोलतंय? हां, बोला' एवढंच.

आणि आपल्याकडे आपण फक्त स्वतःचा आवाज रेकॉर्ड करत नाही. एखाद्या खालांना घरातून काढलं गेलं, एखाद्या मुलीला पोटगीसाठी कोर्टाच्या खेपा घालाव्या लागल्या. अशा बायका आपल्यासमोर बसून बोलतात. तुमच्यावर विश्वास ठेवून बोलतात, तुमच्या ॲपवर नाही. ते रेकॉर्डिंग आपण नाव बदलून चढवतो आणि वाटतं, ओळख लपली. लपत नाही. पंचक्रोशीतला कुणीही आवाज ऐकून सांगेल, ही अमक्याची सून. आवाज जाड-बारीक केला तरी भागत नाही, कारण तो साधा फेरफार उलटा करणं फार अवघड नसतं. दोन वर्षांनी त्या बाईंच्या मुलीचं लग्न ठरतं आणि त्या फोन करतात : बेटा, ते काढून टाक. तुम्ही काढता. वर सांगितलेल्या तिन्ही पातळ्या तेव्हा आठवा. वचन पाळणं त्या वेळी तुमच्या हातात नसतं. म्हणून तो निर्णय रेकॉर्ड करण्याआधीच घ्यावा लागतो.

कायदा कुठवर पोचतो

आपल्याकडे कायदा नाही, असं नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात ध्वनिमुद्रणाचा कर्ता म्हणजे ज्यानं पुढाकार आणि जबाबदारी घेऊन ते मुद्रण केलं तो. म्हणजे नानीचं गाणं नातीनं रेकॉर्ड केलं, तर मुद्रणाचा हक्क नातीचा. पण गाणाऱ्या नानीलाही सादरकर्ती म्हणून स्वतंत्र हक्क आहेत, आणि २०१२ च्या दुरुस्तीनं ते बळकट झाले. सादरकर्त्याच्या व्याख्येत व्याख्यान देणाराही येतो, म्हणजे या घडीला मीही. मागे बसून जे माझं भाषण रेकॉर्ड करताहेत, त्यांनी चहाच्या वेळी भेटावं. (हशा) याच कायद्यानुसार हक्क देण्याच्या लेखी करारात मुदत लिहिलेली नसेल तर पाच वर्षं आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर भारत असं धरतात. कायदा दुर्बळाच्या बाजूनं थोडा झुकलाय. सेवांच्या अटींत मात्र मुदत आणि 'जगभर' हे शब्द आधीच लिहून ठेवलेले असतात.

मशीननं बनवलेल्या आवाजाचं काय? तुम्ही लिहिलेला मजकूर तुमचा. त्याला दिलेला आवाज कंपनीचा. तयार झालेली क्लिप कशी वापरायची ते तुमच्या खात्याच्या प्रकारावर ठरतं. बऱ्याच सेवांत फुकट खात्यावर बनवलेली क्लिप पैसे मिळवण्यासाठी वापरता येत नाही, आणि नंतर पैसे भरले म्हणून जुन्या क्लिपांना परवानगी मिळेलच असं नाही. हक्काबाबत आपल्या कायद्यात १९९४ मध्ये एक तरतूद आली : संगणकानं तयार केलेल्या कृतीचा कर्ता म्हणजे ती तयार होण्यास कारण झालेली व्यक्ती. तेव्हा असली मशीन कुणाच्या स्वप्नातही नव्हती. अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयानं जानेवारी २०२५ च्या अहवालात म्हटलं की नुसत्या सूचना लिहून दिल्यानं माणूस कर्ता ठरत नाही, कारण बाहेर येणाऱ्या गोष्टीवर त्याचं पुरेसं नियंत्रण नसतं. म्हणजे ज्यात तुम्ही फक्त 'असं गाणं बनव' म्हणालात, ते दुसऱ्यानं उचललं तर 'माझं आहे' म्हणून भांडणंही अवघड.

आवाजाच्या नक्कलेबाबत मुंबई उच्च न्यायालयानं चांगली भूमिका घेतली आहे. जुलै २०२४ मध्ये अरिजित सिंग यांच्या आणि सप्टेंबर २०२५ मध्ये आशा भोसले यांच्या बाबतीत कोर्टानं अंतरिम आदेश देऊन परवानगीशिवाय त्यांच्या आवाजाची एआय नक्कल करण्याला मनाई केली. पण ही ओळखीची मोठी माणसं आहेत. आपल्या खालांच्या मागे वकिलांची फौज नसते.

खालांच्या कामाचा कायदा खरं तर २०२३ चा वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आहे. संमती मागे घेण्याचा आणि डेटा पुसून मागण्याचा हक्क त्यात आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि तरतुदी टप्प्याटप्प्यानं लागू होताहेत. मात्र त्यातली एक गोष्ट लक्षात ठेवा : जी माहिती माणसानं स्वतःहून जाहीर केली आहे, तिला हा कायदा लागू होत नाही. स्वतःच्या खात्यावरून सगळ्यांसाठी खुलं करून टाकलेलं रेकॉर्डिंग या छत्रीच्या बाहेर जाऊ शकतं. 'पब्लिक' हा पर्याय निवडताना हे माहीत असलेलं बरं.

मग तोंड मिटून बसायचं का?

अजिबात नाही. आधीच आपला आवाज कमी ऐकू येतो. बोलून टाइप करायची सोय वापरा. पुण्याच्या छापील मराठीला मशीन सरावलेलं आहे, आपल्या घरातली दखनी मिसळलेली मराठी, कोकणी मुसलमानांची बोली आली की ते अडखळतं. कारण त्या बोलीचे नमुने त्याच्याकडे नाहीत. मोझिलाच्या कॉमन व्हॉइस प्रकल्पात मराठी आहे. सरकारच्या भाषिणी प्रकल्पातही आवाज दान करता येतो. जरूर द्या, पण कशावर सही करतोय ते समजून द्या. कॉमन व्हॉइसला दिलेला आवाज सगळ्यांसाठी पूर्ण मोकळा होतो. दान केलेलं परत मागता येत नाही, हे दानाचंच तत्त्व आहे. स्वतःचा आवाज दान करणं हा तुमचा हक्क आहे. खालांचा आवाज दान करणं हा तुमचा हक्क नाही.

आणि मशीनचा आवाज इथं उपयोगीही पडतो. खालांचं बोलणं तुम्ही कागदावर उतरवून घ्या, नावं-गावं काढा, त्यांना वाचून दाखवा, आणि मग ते मशीनच्या किंवा तुमच्यातल्या एखादीच्या आवाजात ऐकवा. त्यांची गोष्ट लोकांपर्यंत जाते, त्यांचा आवाज त्यांच्या घरातच राहतो.

करायच्या गोष्टी थोडक्यात सांगते आणि थांबते.

मूळ फाइल तीन ठिकाणी ठेवा : एक तुमच्याकडे, एक हार्डडिस्कवर, एक दुसऱ्या गावातल्या भरवशाच्या माणसाकडे. ऑनलाइन सेवा ही दुकानाची काच समजा, गोदाम नव्हे.

मशीनकडून काही बनवून घेतलंत तर त्याच दिवशी उतरवून घ्या. सोबत त्या दिवशीच्या अटींचं पान पीडीएफ करून ठेवा, आणि पैसे भरले असतील तर पावतीही. उद्या अटी बदलल्या तर तुमच्या हातात कागद असेल.

पॉडकास्टसाठी होस्ट निवडताना दोनच गोष्टी विचारा : फीड माझ्या नावावर राहील का, आणि सोडून जाताना नवीन पत्त्याची पाटी लावू द्याल का. उत्तर गुळमुळीत आलं तर दुसरा होस्ट बघा.

दुसऱ्याचा आवाज घेताना संमती त्याच रेकॉर्डिंगच्या सुरुवातीला, त्यांच्या बोलीत घ्या. 'रेकॉर्ड करू का' एवढं विचारून भागत नाही. कोण ऐकेल, कुठं राहील, मशीनला शिकवायला दिलेलं चालेल का, आणि एकदा बाहेर गेलं की पूर्ण परत येणार नाही, हे सांगा. हे ऐकून कुणी नाही म्हणालं, तर मुलाखत फसली असं समजू नका. त्या बाईंनी आपला ताबा वापरला, एवढंच.

जेवणानंतर मी मागच्या टेबलावर बसणार आहे. ज्याच्या त्याच्या फोनमध्ये ज्या ऑडिओ सेवा आहेत त्यांची सेटिंग आपण एकेक करून उघडू, चार प्रश्न विचारू आणि उत्तरं वहीत लिहू. फोनला चार्जिंग करून आणा.